खराडेसाहेबांचा कुकर

"एवढाले तुकडे कुत्र्याला घालतात, बाळा. माणसांना नाही," दोन्या ओफेलिया म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या फडक्यात अडकवलेला. डाव्या हातात लाकडी डाव होता आणि त्यानं ती मला लांबूनच हुकूम सोडत होती. माझ्यासमोर पाटावर दीड किलो मांस. मी तुकडे आणखी लहान केले, धाग्याच्या आडवे. सुरी आपोआप फिरत होती.

"हां, आता बरोबर. कुणी शिकवलं तुला?"

"इंटरनेटवर बघितलं."

तिनं माझ्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

ही दोन हजार बारा सालच्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारची गोष्ट. मेक्सिकोतल्या केरेतारो नावाच्या शहरात आमच्या चाकणच्या कंपनीनं गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना काढला होता, आणि मी तिथं एक वर्षासाठी क्वालिटी इंजिनिअर म्हणून गेलो होतो. दोन्या ओफेलिया आमची घरमालकीण. दोन्या म्हणजे आपल्याकडं वयस्क बायकांना मानानं 'बाई' म्हणतात तसं. वय सत्तरीच्या पुढं, नवरा वारलेला. ती खाली राहायची. वरच्या मजल्यावर मी आणि आमचे प्रकल्पप्रमुख खराडेसाहेब.

पंधरा दिवसांपूर्वी ती अंगणात पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. ते ऐकून तिच्या मुलाचा फोन आला. चुय त्याचं नाव, उत्तरेकडं सरहद्दीजवळ ट्रक चालवायचा. बापाच्या मयतीला दोघांचं काहीतरी कडाक्याचं बोलणं झालं होतं, तेव्हापासून तीन वर्षं त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. तो या रविवारी दोन वाजता येणार होता आणि पाच वाजता परत निघणार होता. त्याला 'कार्ने कॉन पापास' खायचं होतं. मांस आणि बटाट्याचा रस्सा. दुसरं काहीही नाही.

"माझे हात मोडलेत," ती शनिवारी मला म्हणाली होती. मोडला एकच होता. "उद्या तू माझे हात हो."

मी हो म्हणालो. आधीचे दोन-तीन महिने रविवारी दुपारी ती मला हाक मारून वाटीभर रस्सा द्यायची आणि मी तो तिच्या पायऱ्यांवर बसून खायचो. खराडेसाहेब रविवारी दुपारी झोपलेले असायचे.

लांबट सुक्या लाल मिरच्या मी गरम पाण्यात भिजवल्या, रंगाला अगदी बेडगीसारख्या. जिरं, मिरी, लसूण तिच्या काळ्या दगडी खलात कुटलं. चरबीवर मांस परतलं. तुकड्यांना चहूबाजूंनी तांबूस रंग आला, वाटण घातलं, तेजपत्ता टाकला, पाणी ओतलं. पाण्याला उकळी फुटली आणि शेगडी भप्प करून विझली.

गॅस संपला होता. रविवारी गॅसची गाडी चार वाजल्याशिवाय येत नसे. शेजारची कुटुंबं चर्चला गेलेली. दोन्यानं वर छताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमच्या घरी गॅस आहे."

होता. पण तिथं एक अडचण होती आणि ती मला तिला सांगता येत नव्हती.

खराडेसाहेब कागलजवळच्या एका खेड्यातले. पंचेचाळिशीचे, भरघोस मिशांचे, मोकळ्या आवाजाचे. माणूस अतिशय मायेचा. मला ताप आला तेव्हा दोन रात्री त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. मटणाचे एवढे शौकीन की बोलता बोलता कुठल्याही विषयावरून तांबड्या रश्श्यावर यायचे. पण घरात पाय ठेवला त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "हे बघ सूर्यवंशी, बाहेर कोण काय खातंय ते मी बघत नाही. या घरात मोठ्याचं येणार नाही. आईला शब्द देऊन आलोय." आमच्याबरोबर आलेल्या एका पोरानं पहिल्या आठवड्यात बर्गर खाल्ला, तर साहेब त्याच्याशी कामापुरतं बोलायचे आणि जेवायला त्याच्या टेबलावर कधी बसले नाहीत.

स्पॅनिश मला लवकर आलं, त्यांना येईना. हॉटेलात गेलो की ते मेनूकार्ड माझ्याकडं सरकवायचे. तिकडं गोमांसाला 'रेस' म्हणतात, "रेस नाही ना यात?" एवढं एकच वाक्य त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं, पण मी सोबत असलो की तेही म्हणायचे नाहीत. मी मान हलवली की खायचे.

आणि ते मला 'पाव्हणं' म्हणायचे. सुरुवातीला एकदा त्यांनी विचारलं होतं, "सूर्यवंशी म्हणजे लातूरकडचेच ना? आमच्या मावशीच्या सासरचे सूर्यवंशी तिकडचेच. निलंग्याच्या आसपासचे." मी म्हणालो होतो, "हो, तिकडचाच मी." तेव्हापासून पाव्हणं. पंधरवड्यापूर्वी त्यांनी थोरल्या भावाच्या मुलीचा फोटो मोबाइलवर दाखवला. ऋतुजा, बी. फार्म. झालेली. "घरी विचारून बघ. घाई नाही," म्हणाले. मी फोटो बघितला, छान आहे म्हणालो आणि फोन परत दिला.

त्या रविवारी साहेब कारखान्यातल्या लोकांबरोबर शंभरेक किलोमीटरवरचं एक डोंगरातलं गाव बघायला गेले होते. संध्याकाळी सात-आठला येणार होते. मी हिशेब केला. एक वाजेपर्यंत पातेलं खाली. मग खिडक्या उघड्या, ओटा दोनदा धुवायचा, उदबत्ती लावायची. सहा तासांत वास जाईल.

मी पातेलं उचलून वर आणलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"पाव्हणं, गाडी बिघडली वो. घाटाच्या अलीकडंच. शहराकडं परत येणारा एक ट्रक मिळाला, त्यात बसून आलो. पोचतोच अर्ध्या तासात. पोटात कावळे वरडायलेत. भात लाव."

"हो साहेब."

फोन ठेवला आणि झाकण काढून एक तुकडा दाबून बघितला. रबर. ते शहर उंचावर आहे, तिथं पाणी लवकर उकळतं आणि मांस उशिरा शिजतं. अजून दीड तास तरी हवा होता. मी जिन्यावरून खाली धावलो. दोन्या आरशासमोर उभी राहून एका हातानं केस विंचरत होती. निळा झगा घातला होता, ओठांना काहीतरी लावलं होतं.

"दोन्या, दुसरी कुठली शेगडी आहे? कुणाकडं तरी?"

"का? तुझी पण विझली?"

"नाही, पण..."

"मग शिजू दे. मांसाला घाई चालत नाही." तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "चुयचा फोन होता. वाटेत आहे. येतोय तो, काईलास. खरंच येतोय." माझ्या नावाचा उच्चार ती असाच करायची.

मी परत वर आलो. ओतून द्यावं? मनात तो विचार आला तसा गिळला. खिडक्या उघडल्या. पंखा लावला. पाच मिनिटं नुसता स्वयंपाकघरात फिरत होतो. आणि मग फळीवरचा कुकर दिसला.

तो खराडेसाहेबांचा कुकर होता. पाच लिटरचा, वहिनींनी कोल्हापुराहून बांधून दिलेला. जादा रबर आणि शिट्टी एका मोज्यात घालून दिली होती. त्यात आम्ही डाळ-भात लावायचो, कधी कोंबडी. कुकरमध्ये घातलं तर चार-पाच शिट्ट्यांत मांस शिजणार होतं. मी कुकर खाली काढला आणि परत वर ठेवला. घड्याळात बघितलं. बारा वाजून तेरा मिनिटं. पुन्हा काढला.

मांस आत ओतताना घाईत थोडा रस्सा ओट्यावर सांडला. झाकण लावलं, गॅस मोठा केला. पुसायला फडकं घेतलं, ते तांबडंभडक झालं, ते कुठं लपवावं कळेना, म्हणून खिशात कोंबलं. पँटला डाग पडला.

बारा वीसला पहिली शिट्टी झाली. तेवढ्यात मी पातेलं घासून टाकलं. दुसरी शिट्टी. आता आणखी दोन, मग गॅस बंद, नळाखाली धरून वाफ काढायची, पातेल्यात ओतायचं, खाली न्यायचं. दहा मिनिटं मिळाली तर जमतं. खाली अंगणाचं फाटक वाजलं. चुय असेल, लवकर आला असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मग दोन्याचा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला आणि त्यावर मराठीत, "बरं बरं, मावशी, बरं!" दोन्या काय सांगतेय ते साहेबांना एक अक्षर कळत नव्हतं.

ते जिना चढत असताना तिसरी शिट्टी झाली.

दारातच ते थांबले. डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला. अंगावर धूळ, केस विस्कटलेले.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "मटण?"

मी शेगडीच्या पुढं सरकलो.

"आयला, मला लांब पाठवून तू इकडं मटण लावलंस होय? कुठं मिळालं? आणि ह्यो रंग..." ओट्यावर सांडलेला थेंब त्यांनी बोटानं पुसला. बोट तोंडाकडं निघालं.

"साहेब, हात!" मी ओरडलोच. "हात धुवा आधी. ट्रकमधून आलाय."

ते हसले. "बरोबर आहे. आई पण असंच वरडती."

बाथरूममध्ये पाणी पडत होतं तोपर्यंत मी गॅस बंद केला. ते परत आले, कांदा चिरायला घेतला, लिंबू कापलं, ताट मांडलं. एवढ्या आनंदात मी त्यांना त्या चार महिन्यांत बघितलं नव्हतं.

"साहेब, हे आपलं नाही. खालच्या दोन्याचं आहे. तिचा मुलगा यायलाय, त्याच्यासाठी. तिचा गॅस संपला."

"मग? सगळं खातोय होय मी? एक वाटी रस्सा. तिला मी सांगतो."

"तिखट नाही फारसं. आपल्यासारखी चव नाही."

"चार महिने चव काय असती तेच विसरलोय गड्या."

"अजून शिजलं नाही. बटाटे घालायचेत."

"रस्सा तर शिजला." त्यांनी कुकरच्या शिट्टीला चमचा लावून उरलेली वाफ काढायला घेतली. वाफेचा झोत वर उठला. वास सगळ्या घरभर झाला. "तसं म्हणशील तर तू बरोबर नसलास की बाहेर मी कशालाच हात लावत नाही. कशात काय असेल काय सांगता येत नाही. पण तू केलंस म्हणजे बघायलाच नको."

झाकण त्यांनी स्वतःच काढलं. डाव घेतला. मी ताटाकडं बघत होतो. चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि मधे रिकामी वाटी. मी गप्प राहिलो असतो तर त्यांना जन्मात कळलं नसतं. अजूनही ती काही सेकंदं मला आठवतात, आणि मी बोलायला किती उशीर केला तेही आठवतं, कारण डाव वाटीवर आला होता.

"साहेब, मोठ्याचं आहे ते."

डाव तसाच राहिला. एक थेंब वाटीत पडला.

"काय?"

"रेस आहे."

त्यांनी डाव कुकरमध्ये ठेवला. खुर्चीवर बसले. बराच वेळ कुकरकडं बघत होते.

"माझ्या कुकरमध्ये," ते म्हणाले.

"हो. शिजत नव्हतं. तुम्ही यायच्या आत खाली न्यायचं होतं. माझं चुकलं."

"चुकलं तर आहेच." आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग स्वतःचीच समजूत घालावी तसे बोलायला लागले. "म्हातारी गळ्यात पडली असणार. हात मोडलेला. तुला नाही म्हणता आलं नाही. तुझा स्वभावच तसला. ठीक आहे. कुकर काय, दुसरा घेऊ. ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. मी पण सांगत नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू नुसतं करून दिलंस. तू काय खाणार नाहीस. आपल्यात कोण खातंय."

विषय तिथं संपला होता. त्यांनी संपवून दिला होता. मला फक्त मान हलवायची होती, जशी मी हॉटेलात हलवायचो.

"खातो साहेब."

"इथं आल्यावर लागलास होय?"

"नाही. लहानपणापासून. आई करायची. आमच्याकडं पण बटाटे घालूनच. माणसं जास्त, मांस कमी, म्हणून बटाटे. आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच घरी व्हायचं."

त्यांना लगेच कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सूर्यवंशी..." ते म्हणाले.

"तुमच्या मावशीच्या सासरचे ते आम्ही नव्हे साहेब. त्याच भागातले आहोत. गावाच्या दुसऱ्या टोकाला."

खाली कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. साहेबांनी ताटातला कांदा बोटानं एका बाजूला केला.

"आधी सांगायचंस."

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला ते खोटं वाटलं.

"विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो. विचारलं होतं तुम्ही."

ते उठले. त्यांनी ताट उचललं. त्यात कांदा-लिंबाशिवाय काही वाढलेलं नव्हतं, वाटीत एक थेंब तेवढा. नळाखाली धरून त्यांनी ते साबण लावून घासलं, वाटी दोनदा घासली, हात कोपरापर्यंत धुतले. मग आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

मी बटाटे सोलले. दुसरं काय करणार होतो? दीड वाजत आला होता. सगळं पातेल्यात ओतलं, बटाटे घातले, मंद गॅसवर ठेवलं आणि पातेल्यासमोर उभा राहिलो. उद्यापासून कारखान्यात काय होईल, कोण काय म्हणेल, माझी मुदतवाढ साहेबांच्या सहीवर होती, तिचं काय, एवढंच डोक्यात चाललं होतं.

चुय अडीच वाजता आला. दांडगा, टक्कल पडलेला माणूस. आईला मिठी मारताना तिच्या प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून वाकडातिकडा उभा राहिला होता. दोन्यानं मला जाऊ दिलं नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. बटाटे जरा कच्चे राहिले होते. चुयनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे, आई." ती म्हणाली, "याला सांग, यानं केलंय." मग दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता ती रडायला लागली. चुय खाली मान घालून जेवत राहिला. मी किती रोट्या खाल्ल्या त्याची मोजदाद राहिली नाही.

संध्याकाळी साडेसातला, म्हणजे आपल्याकडं सकाळी, आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती घाबरली.

"कशाला सांगत बसलास रे बाबा? एवढं शिकून शहाणपण नाही तुला. करून दिलो म्हणायचास, मी खात नाही म्हणायचास. तो सोडतच होता की तुला."

"सोडत होता, पण तसं म्हणवेना, आई."

"कामावरून काढतील का?"

"माहीत नाही."

"मी पुण्याला जाताना काय सांगितले होते तुला? हॉस्टेलवर कुणाला घरचं खाणं सांगू नको म्हणले होते का नाही?"

"म्हणली होतीस. दहा वर्षं ऐकलं ना मग."

त्यावर ती म्हणाली, "उद्या परत फोन कर. काय झालं ते सांग. मी फोन जवळच ठेवते."

काहीच झालं नाही. रोज मी वाट बघायचो आणि रोज काही होत नव्हतं, त्याचीच जास्त धास्ती वाटायची. कँटीनमध्ये दोघं कुजबुजले की मला वाटायचं, कळलं. पण साहेबांनी अक्षर कुठं काढलं नव्हतं. महिनाअखेरीला माझ्या मुदतवाढीच्या कागदावर त्यांची सही आली, शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं होतं. घरात मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवी पातेली आणली, दोन ताटं, दोन वाट्या. "डॉक्टरनं तेल कमी करायला सांगितलंय. आता वेगळंच करत जाईन म्हणतो," असं माझ्याकडं न बघता म्हणाले. ऋतुजाचा विषय निघाला नाही. पाव्हणं हा शब्दही गेला. 'सूर्यवंशी' आलं, आणि कधी कधी 'अहो सूर्यवंशी'. त्या 'अहो'चं मला सगळ्यात जास्त लागलं.

डिसेंबरात मी दोन्याच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. कुकर कुणी वापरत नव्हतं, तो बरोबर नेला.

फेब्रुवारीत त्यांचं काम संपलं. निघायच्या दिवशी सकाळी सामान जिन्यावरून उतरवायला मी मदत केली. टॅक्सीला वेळ होता. आम्ही फाटकाशी उभे होतो. ते मिशीवरून हात फिरवत रस्त्याकडं बघत होते.

"सूर्यवंशी, एक विचारू?"

"विचारा साहेब."

"त्या दिवशी तू गप्प बसला असतास तर?"

"तर तुम्ही जेवला असतात."

"दोनदा वाढून घेतलं असतं," ते म्हणाले. "मला माहीत आहे ना माझं. आणि आवडलं असतं. वासावरून कळतं ते. हिला फोन करून सांगितलं असतं, असलं मटण कागलात मिळत नाही म्हणून." त्यांनी फाटकाची कडी चाळवली. "तीन महिने झाले, हेच डोक्यात फिरतंय. तुझा राग कधीच गेला. हे काय जात नाही."

टॅक्सी आली. ड्रायव्हरनं डिकी उघडली. मोठी बॅग साहेबांना एकट्याला उचलेना, तेव्हा एका बाजूनं मी धरली, एका बाजूनं त्यांनी. बॅग आत गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला नाही.

"तुझ्या आईला माझा नमस्कार सांग," ते म्हणाले.

संध्याकाळी फोनवर मी तो सांगितला. आई म्हणाली, "कोण म्हणलास?" मी परत नाव सांगितलं. मग पलीकडं भांड्याचा आवाज झाला, आणि ती म्हणाली, "बरं. माझा पण सांग त्यांना."